वाचनाची अडचण आणि साहित्याचे अध्ययन

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की काही अंतरावर बरगी लागते. तेथील नर्मदेवरचे धरण १९९० साली पूर्ण झाले; जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावे त्यामुळे बाधित झाली. त्यांत गोंड कुटुंबे पुष्कळ होती. या परिसरातील एखादा विद्यार्थी विद्यापीठापर्यंत पोहोचला आणि तेथे पान वाचताना अडखळू लागला, तर घरची भाषा गोंडी, शिक्षण हिंदीतून, शाळाही हलाखीची, एवढे कारण सर्वांना पुरेसे वाटते. ते खरेही असू शकेल. परंतु बुद्धी शाबूत असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसू नये, या अवस्थेस डिस्लेक्सिया म्हणतात. आणि ती गरिबाघरी संभवत नाही असे थोडेच आहे? मुंबईच्या मुलाला निदान मिळते, बरगीच्या मुलाला 'मंद' हे विशेषण.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी चाचणी उपलब्ध केली, ही मोलाची गोष्ट होय. तथापि ती प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी आहे. विशीतल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही, आणि ज्याची पहिली भाषा गोंडी आहे त्याचे तेवढ्याने भागत नाही.

देवनागरी उच्चारानुसारी आहे, सबब आपल्याकडे ही अडचण उद्भवत नाही, असा एक सुखद समज भाषाविभागांत आढळतो. वस्तुतः 'कि' मधील वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, लेखनात आधी. एकच रकार 'कर्म', 'क्रम', 'राष्ट्र' आणि 'दर्‍या' या शब्दांत चार रूपे घेतो. जबलपुरातील मराठी घरच्या मुलाची गोष्ट तर आणखी निराळी. तो हिंदीच्या तासाला 'कवि' लिहितो, मराठीत १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे त्याने 'कवी' लिहावयाचे असते, आणि समासात पुन्हा 'कविसंमेलन'. साध्या विद्यार्थ्यालाही हे पेलत नाही. मग ज्याची दृष्टी अक्षराअक्षराला अडते त्याचे काय होत असेल? आपण मात्र त्याच्या ह्रस्वदीर्घांचे गुण कापतो आणि त्यास वाङ्मयीन मूल्यमापन म्हणतो.

कायदा याबाबतीत विद्यापीठांच्या पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ सांगितला. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये लेखनदोष असलेल्या विद्यार्थिनीला असा वेळ नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने चुकीचे ठरविले. परंतु शालेय स्तरावरील एक सवलत मात्र विचारात पाडणारी आहे. महाराष्ट्रात व केंद्रीय मंडळातही अशा विद्यार्थ्याला एखादी भाषा सोडून देण्याची मुभा मिळते. हेतू दयेचा आहे, यात शंका नाही. परिणाम असा की, ज्याला कथा ऐकून तिची रचना उलगडता येते, ओवीची लय कानाने ओळखता येते, तो साहित्याच्या वर्गाच्या दारापर्यंत येतच नाही.

यातील विसंगती बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणाने स्पष्ट व्हावी. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. निरक्षरता आणि डिस्लेक्सिया या भिन्न गोष्टी आहेत, हे मान्यच. पण जी कविता मुखातून कानात गेली तिचा अभ्यास केवळ डोळ्यांनीच झाला पाहिजे, हा आग्रह कोणत्या शास्त्रातून आला?

साहित्यविभागांनी भाषेतून सूट देण्याऐवजी भाषेसाठी साह्य द्यावे. नेमलेली पुस्तके ध्वनिमुद्रित स्वरूपात ग्रंथालयात ठेवणे फारसे खर्चाचे नाही. शुद्धलेखन हाच ज्या प्रश्नपत्रिकेचा विषय नाही, तेथे त्याचे गुण कापू नयेत. मौखिक परीक्षेचा पर्यायही असावा. तोंडी परीक्षेत वशिला चालतो, असा आक्षेप यावर हमखास येईल, आणि आपल्या विभागांचा इतिहास पाहता तो अगदीच निराधार नाही. परंतु उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास ते दुसऱ्या परीक्षकाला ऐकविता येते, आणि उत्तरपत्रिकेप्रमाणेच त्याची फेरतपासणीही होऊ शकते.