डोळे मिटून धडा पाठ होत नाही

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या कोल्हापुरात गुऱ्हाळांबरोबर आणखी एक धंदा तेजीत असतो, तो स्मरणशक्तीच्या शिबिरांचा. यंदा पेपरातून जे पत्रक घरात पडले त्यावर छापले होते की स्वसंमोहनाने दोन दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट होईल. दुप्पट म्हणजे कशाच्या? आधी किती होती ते कुणी मोजले, कोणत्या तराजूत? मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर, गणिताचा नव्हे, पण एवढे विचारायला गणित लागत नाही.

पुतण्याने मुलीचे पैसे भरूनही टाकले. "काका, फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?" असे त्याचे म्हणणे. मंडळी, माझे म्हणणे असे की नुकसान आहे, आणि ते फीपेक्षा मोठे आहे. (शिबिरवाल्यांचे नाव घेत नाही. एकाला नावे ठेवावीत तर दुसऱ्याची फुकट जाहिरात व्हायची.)

आधी हे सांगतो की संमोहन म्हणजे निव्वळ थोतांड, असे मी म्हणत नाही. पणजीला जाताना आपण कोल्हापूरकर खाण्यापिण्याच्या बेतात असतो, पण जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे तो जरूर बघावा. हात पसरून एका बाईवर झुकलेला पाद्री. हे आबे फारिया. जन्म १७५६, गाव कांदोळी. पॅरिसात १८१३ पासून त्यांनी संमोहनाचे प्रयोग करून दाखवले. त्या काळी लोक समजत की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून कसलासा चुंबकी प्रवाह समोरच्याच्या अंगात शिरतो. फारिया म्हणाले, तसले काही नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते. या सरळ बोलण्याची पॅरिसने नाटकातून टिंगल केली. १८१९ साली ते वारले.

त्यांच्याबद्दल गोव्यात एक आख्यायिका सांगतात. तरुणपणी लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला ते उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले की ही समोरची सगळी भाजी आहे, काप भाजी! आणि जीभ सुटली. खरी-खोटी देव जाणे, पण गोष्ट नेमकी आहे. वडिलांच्या वाक्याने भीती गेली. प्रवचन काही त्या वाक्यातून आले नाही, ते आधी तयार केलेले होते. सूचनेने मनावरचे दडपण उतरते, दुखणेसुद्धा काही जणांना कमी जाणवते, हे डॉक्टर लोकही मानतात. पण डोक्यात जे घातलेच नाही ते बाहेर कुठून येणार?

शिबिरवाले नेमकी हीच गल्लत करतात. पेपरची धास्ती घालवणे वेगळे आणि स्मरणशक्ती वाढवणे वेगळे. पहिल्यासाठी दहा मिनिटे डोळे मिटून शांत बसायला माझी मुळीच ना नाही. त्याला काही हजार फी कशाला? आणि एकाग्रता म्हणाल तर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा.

संमोहनात माणसाला विसरलेले आठवते का, याचा अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९८५ साली अहवाल दिला, कारण तिकडे साक्षीदारांना संमोहित करून जबान्या घेत. निष्कर्ष असा की आठवणी जास्त अचूक होत नाहीत, मनाच्या कल्पना त्यात मिसळतात, आणि माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास मात्र वाढू शकतो. परीक्षेला बसणाऱ्या पोरासाठी यापेक्षा वाईट काय असेल? चुकीचे उत्तर, तेही छातीठोकपणे.

दुसरा प्रयोग १९९१ सालचा. तो स्वसंमोहनाचा नव्हे, त्याच्या सख्ख्या चुलतभावाचा. ऐकू न येणाऱ्या सूचना भरलेल्या कॅसेटी तेव्हा बाजारात खपत, काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मविश्वासाच्या. संशोधकांनी बऱ्याच कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या. महिनाभर ऐकून कॅसेटीतल्या सूचनांमुळे म्हणून प्रत्यक्षात काही सुधारणा झाली नाही. पण बऱ्याच जणांना वाटले की झाली, आणि तीही चिठ्ठीवर जे लिहिले होते त्यातच! शिबिरानंतर जे पालक "आमच्या बंड्यात खूप फरक पडला" असा अभिप्राय लिहून देतात ते खोटे बोलत नाहीत. चिठ्ठी वाचून बोलतात.

आता नुकसान. पोरगे रोज रात्री स्वतःला सांगते, माझी स्मरणशक्ती अफाट आहे, मी वाचलेले सगळे मला आठवते. मार्चमध्ये नाही आठवले तर? शिबिरवाला सांगणार, तू मनापासून सूचना दिल्या नाहीस. म्हणजे फी त्यांची आणि दोष पोराचा. अभ्यास कमी पडला असे कळले तर पोर अभ्यास करते. मनच कमकुवत आहे असे कळले तर ते काय करणार?

आपल्या गावात तालमी आहेत. गंगावेस, मोतीबाग. एखाद्या वस्तादाने पोराला आडवे निजवून "तू हजार जोर मारलेस, तू हजार जोर मारलेस" असे कानात सांगितल्याचे कुणी ऐकले आहे का? खासबागेत कोण उतरू देईल त्याला? शरीराच्या बाबतीत जे आपल्याला हास्यास्पद वाटते ते मेंदूच्या बाबतीत मात्र पैसे मोजून पटते.

मेंदूचेही जोर असतात, आणि आमच्या पिढीला ते छडीच्या धाकाने का होईना माहीत होते. पुस्तक मिटून म्हणून दाखवणे. अमेरिकेत २००६ साली विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुन्हा न वाचता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने उलटे झाले : लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२. गंमत म्हणजे आपल्याला चांगले लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. आठवताना त्रास होतो, डोके खाजवावे लागते, म्हणून पोरांना वाटते की आपल्याला येत नाही. पण तो त्रास म्हणजेच जोर. त्यात दोन-चार दिवसांनी उजळणी आणि रात्रीची पुरेशी झोप धरा. यात विकण्यासारखे काही नाही, त्यामुळे याची पत्रके निघत नाहीत.

शिबिरवाल्यांना माझे एक जाहीर सांगणे आहे. चाळीस मुले घ्या. चिठ्ठ्या टाकून वीस तुमच्याकडे, वीस आम्हा निवृत्त मास्तरांकडे, दोन्हीकडे तेच धडे आणि तेवढेच तास. महिन्याने तिसऱ्याच कुणी काढलेला पेपर द्यायचा, उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. तपासायला मी फुकट येतो. तारीख तुम्ही ठरवा.