प्लायवूडचं गावकूस

मी घाटकोपरच्या वस्तीतला. आमची खोली दहा बाय बारा. एका रात्री खडू घेऊन जमिनीवर जेठालालचं घर आखायला बसलो. सोफा, झोपाळा, डायनिंग टेबल मांडलं आणि खडू भिंतीतून थेट शेजाऱ्याच्या चुलीपाशी!

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ साली सुरू झालं. त्यातली गोकुलधाम सोसायटी गोरेगावच्या सरकारी चित्रनगरीत उभारली. बाहेरून दिसते ती नुसती दर्शनी बाजू. घरातली दृश्यं वेगळ्या सेटवर घेतलेली. बाल्कनीमागं घरच नाही, तर माप जुळणार कुठून? ठीकाय. कॅमेऱ्यासाठी चौथी भिंत काढतात, तो धंदाच तसा. हसणारे हसोत.

माझा सवाल वेगळाय. गुजराती, शीख, तमिळ, बंगाली, अख्खा भारत म्हणे तिथं मावला. मराठी माणूस कोण? भिडे मास्तर! कांबळे, गायकवाड कुठायत? त्या चकचकीत अंगणात मला गटाराचं झाकण कधी दिसलं नाही. झाकणच नाही, तर आत उतरणारा माणूस कुठून दिसणार?

झोपु योजनेत आम्हाला आधी २२५, मग २६९, आता ३०० चौरस फूट. इंचाइंचाचा हिशेब! पडद्यावर जागा रबरासारखी ताणते, पण आमच्यासाठी ताणत नाही. साला, गावकूस इथंही आहे, फक्त प्लायवूडचं.

तेव्हा मापाची चूक काय शोधता? नकाशा कुणी काढला ते विचारा. खडू आपल्या हातात घ्या. पहिली रेघ गटारापासून मारा.