सुटा भाग संपला? मग मापे तरी द्या!

मिक्सरचा कपलर झिजला म्हणून कोणी मिक्सर भंगारात देत नाही. गल्लीतल्या दुकानात तो मिळतो, दहा मिनिटांत बसतो आणि चटणी वाटणे पुन्हा सुरू होते. टेबलफॅनची मान फिरवणाऱ्या गिअरचेही तसेच. त्याच घरातला कॅसेट प्लेअर मात्र नखाएवढे दातेरी चाक फुटले की कायमचा मुका होतो. मोटर शाबूत, हेड शाबूत, सर्किट शाबूत, पण टेप पुढे सरकत नाही. कपलर आणि हे चाक, दोन्ही प्लास्टिकचीच. पण कपलरची मापे बाजाराला पाठ आहेत आणि त्या चाकाची मापे ते बनवणाऱ्या कंपनीबाहेर कोणाला ठाऊक नाहीत. म्हणून सुटा भाग पुरवणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी त्याची मापे जाहीर करण्याचे बंधन उत्पादकांवर घालायला हवे.

हे चाक फुटते कसे, ते पाहिले की ही मागणी किती माफक आहे हे कळते. अशी चाके बहुधा नायलॉनची किंवा अ‍ॅसिटलची असतात आणि अनेकदा धातूच्या दांडीवर घट्ट दाबून बसवलेली असतात. हा ताण यंत्र बंद असतानाही कायम राहतो. वर्षे उलटतात, प्लास्टिक ठिसूळ होते आणि मधल्या छिद्रापासून दात्यांपर्यंत चीर जाते. चीर फाकली की तिथल्या दोन दात्यांमधले अंतर वाढते आणि प्रत्येक फेऱ्याला चाक त्याच जागी अडते. अ‍ॅसिटलला नेहमीचे डिंक नीट धरत नाहीत, त्यामुळे चिकटवलेले चाक फार दिवस टिकत नाही. उरतो उपाय नवे चाक बनवण्याचा, आणि त्याचे गणित शाळकरी आहे. साध्या सरळ दात्यांच्या चाकाचा बाहेरचा व्यास भागिले दाते अधिक दोन, म्हणजे त्याचे मॉड्यूल. 30 दाते आणि 16 मिलिमीटर व्यास असेल तर मॉड्यूल 0.5. मात्र चाकाचा भुगा झालेला असेल, दाते तिरपे असतील किंवा मूळ आखणीत नेहमीपेक्षा थोडा बदल केलेला असेल, तर कारागिराला अंदाजाने चाचपडावे लागते. त्याची मजुरी वाढते ती इथे.

‘मुळात प्लास्टिक वापरलेच का, पितळेचे चाक बसवा,’ असे अनेकांना वाटते. पण प्लास्टिकचे चाक आवाज कमी करते, फारसे तेल मागत नाही आणि अडथळा आला तर स्वतः मोडून मोटर वाचवते. फ्यूज उडतो तसेच हे. तिथे पितळ बसवले तर पुढच्या वेळी त्याच्याहून महागडे काही मोडेल. त्यामुळे तक्रार प्लास्टिकबद्दल नाही. उडालेला फ्यूज बदलता येत नाही, याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो रास्त आहे. थ्रीडी प्रिंटरवर सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडते. मोटरच्या उबेत ते टिकेलच असे नाही. म्हणूनच मापांसोबत मूळ साहित्याचे नावही हवे. विजेपासून बचाव करणारे आणि अन्नाला लागणारे भाग या मागणीतून खुशाल वगळावेत. तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. पण आपल्या 2000 च्या डिझाइन कायद्यातच निव्वळ यांत्रिक रचनेला ‘डिझाइन’च्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, आणि वीस-तीस वर्षांपूर्वी विक्री थांबलेल्या यंत्राच्या चाकात जपण्यासारखे गुपित ते काय उरणार? ‘त्यापेक्षा नवे स्वस्त’ हा हिशेबही अपुरा आहे. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या कचऱ्याची किंमत नव्या यंत्राच्या छापील किमतीत नसते.

युरोपीय संघाने 2024 च्या दुरुस्ती-निर्देशात अशा बाहेर बनवलेल्या भागांबाबत थेट भूमिका घेतली आहे. त्यात समाविष्ट असलेल्या उपकरणांसाठी स्वतंत्र कारागिराने कायद्याला धरून थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला भाग वापरला, तर उत्पादकाला त्यात आडकाठी करता येणार नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले आणि मे 2025 मध्ये विभागाच्या समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवालही दिला. सुटे भाग किती वर्षे मिळतील, याला अशा निर्देशांकात गुण असतात. ती वर्षे संपल्यावर काय, या प्रश्नालाही गुण द्यावेत. कारागिरांची आपल्याकडे वाण नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा आहे, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीची जाण असलेली माणसे आहेत. त्यांना अनुदान नको, सवलत नको. प्रत्येक चाकामागे दात्यांची संख्या, मॉड्यूल, जाडी, छिद्राचा व्यास आणि प्लास्टिकचे नाव, एवढी एक ओळ सरकारने त्यांना मिळवून द्यावी.