पेशी वाढली, पण जखम भरली का?

फिजिओथेरपीला जाणारे पेशंट ज्याला ‘मशीनचा शेक’ म्हणतात, त्या अल्ट्रासाउंडने पेशी खरोखर कामाला लागतात. सशाच्या कानाला पाडलेली छिद्रं या लहरींमुळे लवकर भरून येतात, हे लंडनच्या मेरी डायसन आणि सहकाऱ्यांनी १९६८ सालीच दाखवलं. पुढे जखमेत नवं जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशीही प्रयोगशाळेत या कंपनांनी वेगाने वाढल्या. माणसाच्या पायावरच्या चिघळलेल्या जखमेपाशी मात्र गाडं अडतं, आणि म्हणूनच या उपचाराचे पैसे सरसकट पेशंटकडून घेणं मला गैर वाटतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ३३७ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पायांच्या शिरा बिघडल्यामुळे झालेल्या या जखमा सहा महिन्यांहून जुन्या किंवा पाच चौरस सेंटिमीटरहून मोठ्या होत्या. एका गटाला नेहमीच्या ड्रेसिंगसोबत आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त बारा आठवडे अल्ट्रासाउंड दिला; जखमेभोवतीच्या त्वचेवर जेल लावून प्रोब फिरवला जाई. जखमा लवकर भरल्या नाहीत. खर्च तेवढा वाढला, किरकोळ त्रासही याच गटात जास्त आढळला. मोडलेल्या नडगीवरच्या अशाच लहरींचंही तेच झालं: अमेरिका-कॅनडातल्या ५०१ रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीत हाड लवकर जुळलं नाही. पायाच्या जखमा भरल्या नाहीत याचं मला नवल वाटत नाही. शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त पायात साचून शिरांतला दाब वाढतो. तो दाब तसाच असताना पेशीला कितीही चेतवलं तरी ती काय करणार? तो दाब पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधलेली घट्ट पट्टी उतरवते. तसंच मधुमेहात बधिर झालेल्या तळव्यावरची जखम भरायला तिथला भार काढावाच लागतो.

‘अपाय तर नाही, मग करून बघायला काय हरकत?’ असं विचारलं जातं. हरकत ही, की खेपांमध्ये पैसा आणि दिवस जातात आणि मशीन चालू आहे या भरवशावर पट्टी ढिली पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मात्रा किंवा वारंवारता चुकली असेल. असेलही, आठवड्यातून एकदा कदाचित अपुरंच असेल. मग योग्य मात्रा नव्या चाचणीत शोधावी, तिथे रुग्णाला सगळं सांगून, त्याच्याकडून छदामही न घेता. तोवर हा उपचार लिहून देणाऱ्या डॉक्टरने आधी पट्टी नीट बसली आहे का, हे स्वतः हात लावून पाहावं.