मशाल कुणासाठी?



'पोलीस येईपर्यंत आपलं आपणच बघायचं,' हे आपल्याकडे कुठल्याही गावात ऐकू येतं. गावकी, भावकी, जातपंचायत आणि दारूचा गुत्ता बंद पाडणारं महिला मंडळ, साऱ्यांचं बळ यातच आहे. चौकी लांब, शेजारीण जवळ. पण शेजारीण नेमकी कुणाची राखण करते? मणिपूरच्या मैरा पायबींकडे पाहताना हा प्रश्न मला टाळता येत नाही.

मैरा म्हणजे मशाल, पायबी म्हणजे ती धरणारी. इंफाळ खोऱ्यातल्या मैतेई बायकांची ही परंपरा. १९०४ साली सक्तीच्या वेठीविरुद्ध आणि १९३९ साली तांदळाच्या निर्यातीविरुद्ध तिथल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. 'नुपी लान', म्हणजे बायकांचं युद्ध, या नावाने ते लढे ओळखले जातात. सत्तरच्या दशकात बायका रात्रीची गस्त घालून दारुड्यांना धरू लागल्या. १९८० मध्ये सगळं मणिपूर 'अशांत क्षेत्र' ठरलं. लष्कराला विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा सर्वत्र लागू झाला आणि गस्तीचं कामच बदललं. जवान रात्री तरुण पोरांना उचलून नेऊ लागले, तशा आयाबाया मशाली घेऊन वस्तीच्या तोंडाशी बसू लागल्या. धोका दिसला की विजेच्या खांबावर दगड आपटायचा. तो आवाज ऐकून घराघरातून बायका बाहेर पडायच्या.

जुलै २००४ मध्ये आसाम रायफल्सच्या जवानांनी थांगजम मनोरमाला घरातून नेलं आणि तिचं प्रेतच सापडलं. १५ जुलैला बारा बायका कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र उभ्या राहिल्या. सारा देश हादरला. त्याच वर्षी आसाम रायफल्सला कांगला सोडावा लागला. शस्त्र हाती न घेता बायकांनी सत्तेला जाब विचारला, हे स्त्री-चळवळीने कधीही विसरू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसा भडकली. दुसऱ्याच दिवशी दोन कुकी-झो बायकांची जमावाने नग्न धिंड काढली. त्या पोलिसांच्या गाडीत आसऱ्याला शिरल्या होत्या, पण किल्ली नाही असं त्यांना सांगण्यात आलं, असं सीबीआयचं आरोपपत्र म्हणतं. त्यानंतरच्या काळात मशालवाल्या बायकांनी रस्त्यांवर नाके लावले, लष्कराच्या गाड्या अडवल्या. २४ जूनला इथम गावात बायकांच्या पुढाकाराने जमलेल्या हजारावर लोकांनी सैन्याला घेरलं आणि पकडलेल्या बारा सशस्त्र बंडखोरांना सोडून देणं सैन्याला भाग पडलं. मैरा पायबींनीच आपल्याला पुरुषांच्या हवाली केलं, असे आरोपही काही कुकी-झो बायकांनी केले आहेत. दुसरीकडे, धिंडीची चित्रफीत १९ जुलैला उघड झाली तेव्हा मुख्य आरोपीचं घर त्याच्याच समाजातल्या बायकांनी पेटवलं. म्हणजे चीड होती. पण ती यायला अडीच महिने लागले, आणि आली तीही आगकाडी घेऊन.

हे मी त्या बायकांना कमी लेखायला सांगत नाही. चाळीस वर्षं बंदुकीच्या धाकात जगलेल्या, लेक गमावलेल्या आया आहेत त्या. आणि गाडीची किल्ली नाही म्हणणाऱ्या शासनाला यातून सुटका नाहीच. किल्ली सापडत नाही तिथेच माणसं आपापल्या जमातीच्या आडोशाला जातात. तरीही म्हणावंसं वाटतं, बाई राखणीला बसली एवढ्याने ती राखण बाईच्या बाजूची होत नाही. 'आमच्या लेकीसुना' जपण्याची भाषा सुरू झाली की पलीकडची लेक शत्रूची होते, आणि अलीकडचीही माणूस न राहता अब्रू होऊन बसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिरीबाममध्ये आधी एका हमार बाईची हत्या झाली, मग तीन मैतेई बायका आणि तीन मुलांची. आपापल्या जमातीच्या पहाऱ्याने कुणालाच वाचवलं नाही.

आपण लांबून बघतो आहोत असं समजू नका. जातपंचायतीही 'समाजाच्या शिस्ती'साठीच बसतात. त्यांच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून अमलात आहे. दारू पकडायला निघालेलं आपलं मंडळ उद्या परजातीच्या मुलाबरोबर दिसलेल्या पोरीला अडवायला वापरलं जाणार नाही, याची खात्री कोण देणार? ती आपणच द्यायची आहे. आपल्या गस्तीत सगळ्या वस्त्यांच्या बायका आहेत का? पकडलेल्या माणसाला हात न लावता पोलिसांकडे देतो का? गावावर नाराज होऊन पळालेली पोर आपल्या दारात आली, तर तिला घरात घेऊ की घरच्यांच्या ताब्यात देऊ?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न जरूर मांडा. काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. भांडणं झाली असतील तर तीही. पोलिसांनी त्यांचं काम करावं म्हणून भांडत राहूच. तोवर आपल्या हातातल्या मशालीचा उजेड परक्या बाईच्याही वाटेवर पडायला हवा.

– संपादक