वर्षातले ३४५ दिवस

शुक्रवारी ऑफिसातून निघायचं, स्टेशनवर वडापाव कोंबायचा, पुण्याहून गाडी पकडायची आणि बेलापूरला उतरायचं. ऑफिसात कुणाला सांगितलं की, ‘बेलापूरला चाललेय,’ तर समोरचा हमखास विचारतो, ‘‘नवी मुंबई?’’ नाही हो! हे आमचं बेलापूर, दौंड-मनमाड लायनीवरचं. स्टेशनाचं नाव बेलापूर, शहराचं नाव श्रीरामपूर आणि मूळचं बेलापूर गाव तिसरीकडेच, प्रवरेच्या काठी. कन्फ्युजिंग आहे ना? आमच्या घराच्या प्लॅनपेक्षा कमीच.

तर हो, आम्ही श्रीरामपूरला घर बांधलं. घेतलं नाही, बांधलं. फ्लॅट घेताना आपण सॅम्पल फ्लॅट बघतो, कार्पेट एरिया विचारतो, ईएमआयचं गणित मांडतो, विषय संपला. प्लॉटवर स्वतः घर बांधताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हेच मुळात कुणी सांगत नाही. मी तर सुरुवातच शेवटापासून केली. लॅपटॉपवर ‘ड्रीम होम’ नावाचा फोल्डर आणि त्यात एलिव्हेशनचे दोनशेहून जास्त फोटो! डबल हाइट हॉल. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, सूर्यास्त बघायला. वर दोन मोठ्या बेडरूम, एक माझी, एक दादाची. आणि खाली आई-अण्णांना एक दहा बाय दहा.

अण्णा साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. कागद दिसला की त्यांच्या हातात पेन्सिल येतेच. प्लॅन बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तू वर्षातून किती दिवस येतेस?’’ दिवाळीचे पाच, गणपतीचे तीन, उन्हाळ्यात एक आठवडा, अधूनमधून वीकएंड... त्यांनी समासात बेरीज केली, वीस. दादा बंगळूरहून येतो तेही साधारण तेव्हाच. मग त्यांनी ३६५ मधून २० वजा केले आणि ३४५ खाली दोन रेघा मारल्या. ‘‘हे दिवस कुणाचे?’’

मला राग आला. खरं सांगते, खूप आला. कारण होमलोनचा मोठा हप्ता माझ्या पगारातून जाणार होता. मी बोलूनही गेले, ‘‘पैसे मी भरणार आहे, अण्णा.’’ ते काही बोलले नाहीत. प्लॅनची घडी घातली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई आत भांडी घासत होती, तिच्या हातातल्या भांड्यांचा आवाजही थांबला.

पुण्याला परतताना गाडीत मी फोल्डर उघडला. दोनशे फोटोंमध्ये एकही म्हातारा माणूस नव्हता.

आधी जमीन, मग बाकीचं

आमच्या जुन्या घरात एक भेग होती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी. मे महिन्यात तिच्यात एक रुपयाचं नाणं बसायचं, पावसाळ्यात ती मिटायची. अण्णा दर दिवाळीला ती सिमेंटने बुजवायचे, वरून रंग द्यायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा हजर. घरातली पाचवी मेंबरच!

दोष भिंतीचा नव्हता, खालच्या काळ्या मातीचा होता. ऊस-कपाशीला सोनं असलेली ही माती घराला मात्र डोकेदुखी. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. आमच्याकडे त्यात पाटाच्या पाण्याची भर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागाचं नशीब पालटलं, पण आजूबाजूच्या शेतांना पाणी सुटलं की ओल आपल्या प्लॉटपर्यंतही सरकू शकते. म्हणजे जमीन वर्षभर श्वास घेत असते आणि आपण तिच्यावर घर ठेवतो.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त तो फोटोत दिसत नाही. प्लॅन फायनल करायच्या आधी प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या आणि मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते बघा. सोबत सॉइल टेस्ट करा. पाया मुरमावर बसला पाहिजे, काळ्या मातीत तरंगता नाही. आमच्याकडे मुरूम साडेसात फुटांवर लागला. तो खूपच खोल असेल तर ‘अंडर-रीम्ड पाइल’ हा पर्याय असतो, म्हणजे जमिनीत खोल उतरणारा खांब आणि त्याच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी या पद्धतीवर बरंच काम केलंय. साधारण साडेतीन मीटरच्या खाली ओल फारशी कमी-जास्त होत नाही, म्हणून पकड तिथे घ्यायची. अर्थात, कुठला पाया घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल, शेजारचे काका नाहीत.

आणि एक. पाया खणताना निघालेली काळी माती परत जोत्यात भरू देऊ नका. जुन्या घराच्या ठेकेदाराने नेमकं तेच केलं होतं, फुकटची भर म्हणून. जोत्यात मुरूमच भरायचा, थराथराने, पाणी मारून, धुमसून. घराभोवती बाहेर उतार दिलेली फरशी करा, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीशी मुरणार नाही. शोषखड्डा आणि मोठी झाडं घरापासून लांब.

हा खर्च ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पायाने एस्टिमेट इतकं वाढवलं की डबल हाइट हॉल आणि काच यांच्यावर फुली मारावी लागली. जमिनीवर दिसणाऱ्या गोष्टी कापून जमिनीखाली पुरायच्या... एलिव्हेशनवेडीला हे किती जड गेलं असेल, विचार करा!

फक्की मारा

यापुढचं ज्ञान फुकटचं, पण लाखमोलाचं. प्लॅन कागदावर सगळ्यांनाच कळतो असं नाही. आई ‘‘छान आहे’’ म्हणायची आणि गप्प बसायची. मग एका रविवारी आर्किटेक्टच्या सल्ल्याने आम्ही प्लॉटवर चुन्याची फक्की मारून अख्खा प्लॅन खऱ्या मापात आखला. दारं मोकळी ठेवली, पलंग आणि कपाटं चुन्यानेच काढली. आणि आईला सांगितलं, ‘‘सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, तसं चालून दाखव.’’

आई चालली. पलंगावरून बाथरूम, तिथून देवघर, मग ओटा. पाचव्या मिनिटाला ती थांबली. ‘‘भांडी कुठे घासू?’’ माझ्या प्लॅनमध्ये सिंक होतं, मोरी नव्हती. ‘‘आणि कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवर कशी जाऊ? या जिन्याने?’’ माझा जिना स्टायलिश होता, गोल फिरणारा. त्या दिवशी आमचा अर्धा प्लॅन बदलला. किचनच्या मागे मोरी आली, गच्चीला सरळ जिना आला, पायरी सहा इंचांची. आई-अण्णांची खोली दहा बाय दहाची बारा बाय चौदा झाली आणि बाथरूम तिला चिकटून आलं.

बाथरूमचं दार नेहमीच्या अडीच फुटांऐवजी तीन फुटांचं केलं, बाहेर उघडणारं, उंबरा नाही. टाइल्स खरखरीत. कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा बसवायची सोय आधीच केली. अण्णा कुरकुरले, ‘‘मी काय आजारी आहे का?’’ पण हे सगळं बांधतानाच करायचं, नंतर फोडाफोड होते.

इथे एक गंमत आहे. ओल टाळायला जोतं उंच हवं आणि गुडघ्यांना ते कमी हवं! आम्ही दोन फूट ठेवलं, म्हणजे सहा इंचांच्या चार पायऱ्या. पण व्हीलचेअरचा उतार एकास बारा लागतो. दोन फूट चढायला चोवीस फूट लांबीचा रॅम्प. त्याची जागा आज नाही ठेवली तर उद्या मिळत नाही. आम्ही रॅम्प बांधला नाही, फक्त कडेची पट्टी मोकळी ठेवलीय. सध्या तिथे कढीपत्ता आहे.

ऊन कुठून येतं?

माझी सूर्यास्ताची काच आठवतेय? श्रीरामपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन इतकं खाली येतं की छज्जाही त्याला अडवू शकत नाही. ती काच बसवली असती तर आई-अण्णांनी संध्याकाळपर्यंत भट्टीत बसायचं आणि मी पुण्यातून एसीचं बिल भरायचं. आता पश्चिमेला जिना, बाथरूम आणि कोठीची खोली आहे. ऊन त्यांनी खायचं. बसायची खोली आणि ओटा पूर्वेला. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे, म्हणजे ऊन परत जातं आणि पाणीही गळत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. धाब्याच्या घरांत भर उन्हाळ्यातही गार वाटायचं. पण लगेच नॉस्टॅल्जिक होऊ नका. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड छप्पर यांचं काय होतं, ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने दाखवलं. त्यामुळे गारवा जुन्यांकडून घ्या, स्ट्रक्चर आजचं ठेवा.

पाण्याचाही हिशेब करा. आपण पर्जन्यछायेत. वर्षाला ५०० मिलीमीटर पाऊस धरला तरी हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ४६ हजार लिटर पाणी पडतं. त्यातला पाचवा भाग वाया गेला तरी ३७ हजार लिटर हाती लागतं. पाइप आणि टाकीची जागा प्लॅनमध्येच ठेवा. बोअरचं पाणी बांधकामाला वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर आतली सळई गंजते.

पेपर आणि पैसा

हे बोअरिंग आहे, म्हणून पटकन. सात-बारा, एनए ऑर्डर, मंजूर लेआउट आणि भूमी अभिलेखची मोजणी, हे सगळं हातात आल्याशिवाय एक वीटही आणू नका. २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच एकात्मिक नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. किती मार्जिन सोडायचं, किती बांधता येतं, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

ठेकेदाराला ‘स्क्वेअर फुटाचा रेट काय?’ असं विचारू नका, ‘रेटमध्ये काय काय?’ असं विचारा. आम्हाला आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये पाया पाच फुटांपर्यंतच होता, पुढचं सगळं ‘एक्स्ट्रा’. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. बँकही लोन तसंच टप्प्याने सोडते. त्यामुळे एक टप्पा अडकला की पुढचा चेकही अडकतो. हाताशी बजेटच्या दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवा. ती लागतेच.

आणि स्लॅबवर पाणी मारायला माणूस नेमा. पीपीसी सिमेंट असेल तर उन्हाळ्यात चौदा दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. आमच्याकडे ते काम अण्णांनी घेतलं. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर, हातात पाइप. वहीत तारीख आणि वेळ!

आणि मग...

२०२४ च्या अक्षय तृतीयेला आम्ही राहायला गेलो. पुढच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती हॉस्पिटलमधून घरी आली, वॉकर घेऊन. चार पायऱ्या आम्ही दोघांनी धरून चढवल्या. आत मात्र ती एकटीच चालत गेली. पलंगापाशी थांबली नाही, थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेली. वॉकर कुठेही न अडकता आत गेला. आतून आवाज आला, ‘‘कुणी यायला नको, मी करते.’’

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्या रविवारचं मी त्यांना कधी सॉरी म्हणाले नव्हते. तेव्हाही नाही म्हणाले. ‘‘कढीपत्ता काढायला लागेल, रॅम्प करू,’’ एवढंच म्हणाले. ते म्हणाले, ‘‘कुंडीत लावतो.’’

जाता जाता, गावी घर बांधणाऱ्यांसाठी:

* घरात कोण किती दिवस राहणार, ते आधी मांडा. त्याच हिशेबाने जागा वाटा.
* खड्डे घ्या, सॉइल टेस्ट करा, मगच बजेट ठरवा.
* फक्की मारून प्लॅन चालून बघा. सगळ्यात जास्त काम करणाऱ्या माणसाला पुढे चालू द्या.
* खालच्या मजल्यावर एक बेडरूम, एक बाथरूम, तीन फुटांचं दार. नो कॉम्प्रमाइज!
* वास्तुवाल्यांचं ऐकायचं तर प्लॅन कागदावर असताना ऐका. स्लॅब पडल्यावर दिशा बदलत नाहीत.
* एलिव्हेशनचा फोल्डर सगळ्यात शेवटी उघडा.