डोमेन हलवण्याआधी मालकी तपासा

पहिल्या वर्षी शे-दोनशे रुपयांत मिळालेल्या डोमेनच्या नूतनीकरणाचे बिल हजाराच्या पुढे गेले की संस्थेच्या कार्यालयात रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, बदलण्याची भाषा सुरू होते. शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, दिवाळी अंक, गावोगावचे छोटे उद्योग, अनेकांच्या वाट्याला हा अनुभव आलेला आहे. राग रास्त आहे; घाई मात्र महागात पडते.

आधी दराचे बघू. '.कॉम' नावांची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते आणि 1 सप्टेंबर 2024 पासून ती रजिस्ट्रारकडून एका नावाचे वर्षाला 10.26 डॉलर घेते. म्हणजे रजिस्ट्रारचीच खरेदी साडेआठशे रुपयांच्या वर. त्याखाली विकणारा पहिल्या वर्षी पदरमोड करतो आणि पुढे वसूल करतो. म्हणून नव्या ठिकाणी जाताना जाहिरातीतला आकडा सोडून नूतनीकरणाचा दर विचारावा, तोही जीएसटी धरून. '.कॉम' हलवताना भरलेल्या पैशांत मुदत एक वर्षाने वाढते, त्यामुळे ती रक्कम वाया जात नाही हे खरे. तरीही वर्षाकाठी दोन-तीनशे रुपये वाचावेत एवढ्यासाठी डोमेन हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हलवण्याचे खरे कारण मालकी. आपल्याकडे सर्रास होते असे की, वेबसाइट करून देणारा मुलगाच डोमेनही घेऊन देतो. खाते त्याचे, ईमेल त्याचा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. संस्था दरवर्षी पैसे भरते आणि नाव आपलेच आहे असे धरून चालते. पुढे तो परदेशी नोकरीला गेला, त्याने व्यवसाय बंद केला किंवा पैशांवरून बिनसले, की कळते, नोंदीत मालक म्हणून संस्थेचा उल्लेखच नाही. जमीन घेणारा आधी सातबारा बघतो, तशी ही नोंद बघायला हवी. बाहेरून ती आता सहज दिसत नाही. मे 2018 मध्ये युरोपचा गोपनीयता कायदा लागू झाल्यापासून डोमेनचा मालक दाखवणाऱ्या 'हूइज'च्या सार्वजनिक शोधात मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. खाते उघडूनच बघावे लागते. तिथे नाव संस्थेचे हवे आणि ईमेल संस्थेच्या ताब्यातला हवा, पण त्याच डोमेनवरचा नको. तो त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडल्याच्या दिवशी ते सोडवण्यासाठीचा ईमेलही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.

नोंद दुरुस्त करून लगेच हलवू, असा बेत असेल तर कॅलेंडर पुढ्यात घ्या. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांच्या आधारे बहुतेक रजिस्ट्रार '.कॉम'सारखे नाव नवे घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावर 60 दिवस पुन्हा हलवू देत नाहीत. मालकाचे नाव किंवा ईमेल बदलला तरी तेच कुलूप लागते. काही जण त्यातून सूट देतात, पण ती बदल करण्याआधी मागावी लागते. मुदत संपायला महिना उरला असताना मालकाचे नाव बदलणाऱ्याला त्यामुळे जुन्याच रजिस्ट्रारकडे, जुन्याच दराने नूतनीकरण करावे लागते. डोमेन हलवताना नव्या रजिस्ट्रारला द्यावा लागणारा ऑथ कोड मात्र तुमच्या हक्काचा आहे. मागितल्यावर तो पाच दिवसांत द्यायचे बंधन रजिस्ट्रारवर आहे, आणि टाळाटाळ झाली तर आयकॅनकडे तक्रार करता येते. '.इन'चे नियम आपल्याकडची निक्सी ही संस्था ठरवते. ते स्वतंत्रपणे वाचावेत.

खरी तारांबळ उडते ती डीएनएसमुळे, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदींमुळे. जुन्या रजिस्ट्रारच्या मोफत नेमसर्व्हरवर तुमच्या डोमेनच्या मोजक्या ओळी असतात. ए रेकॉर्ड वेबसाइटचा सर्व्हर दाखवतो, एमएक्स ईमेल कुठे पोहोचवायचा ते सांगतो, आणि टीएक्सटीच्या ओळींत एसपीएफ, डीकेआयएम असतात. ते नसले तर तुमची पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. डोमेन हलले की ही मोफत सेवा बंद होऊ शकते. वेबसाइट उघडत नसेल तर कोणीतरी फोन करून सांगतो. ईमेल बंद पडलेला मात्र दिवसेंदिवस कळत नाही, आणि तोवर प्रवेशाचे अर्ज, मालाच्या ऑर्डरी, वर्गणीदारांची पत्रे परत गेलेली असतात. म्हणून प्रत्येक ओळ आधी उतरवून घ्यावी, नव्या नेमसर्व्हरवर तशीच भरावी, नेमसर्व्हर बदलून दोन-तीन दिवस ईमेलची ये-जा तपासावी, आणि मगच ट्रान्सफरला हात घालावा. डीएनएससेक, म्हणजे या नोंदींवर डिजिटल सही करणारी सोय, चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी ती बंद करावी.

जायचे कोणाकडे? नुसते मोठे नाव पुरेसे नाही. रजिस्टरफ्लाय या अमेरिकी रजिस्ट्रारचा कारभार इतका ढासळला की 2007 मध्ये आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली आणि त्याच्याकडची लाखो नावे गोडॅडीकडे सोपवावी लागली. गूगलने तर आपला डोमेनचा धंदा 2023 मध्ये स्क्वेअरस्पेसला विकला. सुमारे एक कोटी डोमेनचा रजिस्ट्रार ग्राहकांनी न निवडताच बदलला. जुलै 2024 मध्ये त्या स्थलांतरातल्या ढिलाईचा फायदा घेऊन काही क्रिप्टो कंपन्यांची डोमेन पळवली गेली. तेव्हा विक्रेता स्वतः मान्यताप्राप्त रजिस्ट्रार आहे की कोणाचा तरी रीसेलर, हे विचारा. अडचणीत फोन उचलला जातो का, ते पैसे भरण्याआधी फोन करूनच बघा. आणि दुहेरी पडताळणीची सोय नसलेल्या ठिकाणी जाऊच नका.

विश्वस्तांना आणि पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की, येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. डोमेन संस्थेच्या नावावर करण्याचा ठराव करावा, खात्याची जबाबदारी दोघांवर सोपवावी, आणि मुदत संपायला तीन महिने असतानाच कामाला लागावे.